काळं तोंड, तांबडं अंग: नकादा ते केर्मा, ही भांडी भाजली कशी?

खापरखुणा (धागाकर्ता)

इजिप्तच्या दालनात शिरलं की गर्दी ममीपुढे थांबते. त्याच दालनात एखाद्या बाजूच्या कपाटात तांबड्या अंगाची, काळ्या काठाची चार-दोन भांडी असतात आणि खाली 'राजवंशपूर्व (म्हणजे फेरोंच्या राजवंशांआधीचं), नकादा' एवढीच चिठ्ठी. गिझाच्या पिरॅमिडआधी हजार-दीड हजार वर्षं ही भांडी घडत होती, तीही चाकाशिवाय. काळा काठ रंगवलेला असतो हा समज अजून फार दिसतो. तिथे रंग नाही, ते सगळं आगीचं काम आहे. ते कसं साधत, आणि एका परंपरेचं भांडं दुसरीपासून ओळखायचं कसं, एवढ्यासाठी हा धागा. शाप आणि परग्रहवासी यांची सोय दुसऱ्या धाग्यांवर आहे.

सुरुवात मध्य इजिप्तमधल्या बदारीपासून, इ.स.पू. सुमारे ४४०० ते ४०००. इथल्या उत्तम भांड्यांचं पृष्ठ आधी फणीने ओढून मग गोट्याने घोटलेलं असतं, त्यामुळे प्रकाश तिरका पडला की बारीक लहरी दिसतात. एवढ्या पातळ आणि एवढ्या देखण्या लहरी इजिप्तमध्ये पुढे कुणी काढल्या नाहीत, हे माझं मत.

मग दक्षिण इजिप्तमधला नकादाचा पहिला टप्पा, सुमारे ४००० ते ३५००. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९४-९५ च्या हंगामात नकादाला दोन हजारांवर कबरी उकरल्या. ओळखीचं काहीच सापडेना, म्हणून त्यांनी ही बाहेरून आलेल्या 'नव्या वंशा'ची माणसं ठरवून टाकली. हे सगळं राजवंशांच्या आधीचं आहे असं फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाक द मॉर्गन यांनी दाखवलं आणि पेट्रींनी ते पुढे मान्यही केलं. नंतर त्यांनी ९०० कबरींमधल्या भांड्यांची यादी कागदाच्या पट्ट्यांवर उतरवली आणि पट्ट्या मागेपुढे सरकवत क्रम लावला. क्रमांक ३० पासून सुरू केले. आणखी जुनं काही निघालं तर जागा असावी म्हणून. १९२० च्या दशकात बदारी निघालं आणि त्या राखीव जागेत बसलं. पेट्रींच्या वर्गवारीत काळ्या काठाच्या भांड्यांचं अक्षर 'बी'.

इजिप्तमध्ये नकादाच्या दुसऱ्या टप्प्यात पिवळसर चुनखडी मातीची, चित्रं काढलेली भांडी पुढे येतात आणि राजवंश सुरू होईपर्यंत काळा काठ जवळजवळ संपतो. दक्षिणेला न्युबियात, म्हणजे इजिप्तचं दक्षिण टोक आणि आजचा उत्तर सुदान इथे, मात्र तो संपत नाही. तिथे अ-गट, क-गट, पॅन-ग्रेव्ह आणि केर्मा अशी नावं दिलेल्या संस्कृतींमधून ही परंपरा आणखी दीड हजार वर्षं चालते, आणि कळस गाठते ती केर्माला, इ.स.पू. १७५० ते १५०० च्या दरम्यान.

भट्टीवाली

वाचनखूण साठवली. केर्माच्या पेल्यांची जाडी लिहा ना. छायाचित्रात कळत नाही.

खापरखुणा

चांगल्या पेल्याची भिंत २ ते ३ मिलिमीटर. हाताने घडवलेली. तळ गोल, त्यामुळे पेला सपाट जमिनीवर उभा राहत नाही. वाळू किंवा कडं लागतं. तोंड बाहेर उमललेलं. काठ आणि आतली सगळी बाजू काळीभोर, अंग गडद तांबडं, आणि दोन्हींच्या मधे राखाडी-जांभळट, चांदीसारखी झाक असलेला वेडावाकडा पट्टा. हा पट्टा दिसला की केर्माच्या उत्तरकाळातलं, म्हणजे अभिजात टप्प्यातलं भांडं. नकादाच्या भांड्यावर तो नसतो. तिथे काळ्यातून तांबड्यात तपकिरी छटेने उतरतात.

क-गटाची ओळख वेगळी. काळ्या वाडग्यांवर कोरलेले चौकोन-त्रिकोण आणि त्या रेघांत भरलेली पांढरी माती. पॅन-ग्रेव्हच्या वाडग्यांना बऱ्याचदा काठाखाली खाच असते, त्यामुळे काळी पट्टी अंगापासून तुटल्यासारखी दिसते. हे नाव पेट्रींनी हू इथल्या उथळ, गोल, तव्यासारख्या खड्ड्यांवरून दिलं.

लोहभस्म

रसायनाची बाजू मांडतो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

नाईलच्या गाळात लोह भरपूर. हवा खेळती ठेवून भाजलं की त्याचं हेमेटाईट होतं आणि अंग तांबडं दिसतं. हवा तोडली की तेच लोह काळ्या मॅग्नेटाईटकडे झुकतं. पेट्रींनी काठाचा काळेपणा या लोहामुळे मानला होता. आल्फ्रेड लुकास या रसायनतज्ज्ञाने प्रयोग करून सांगितलं की मुख्य काम कार्बनचं आहे: तापलेल्या सच्छिद्र मातीत धुरातला कार्बन शिरून बसतो. आज बहुतेक जण लुकासच्या बाजूने आहेत. अर्थात धुराच्या कोंडीत लोहही थोडंफार बदलतंच.

ग्रीकांच्या काळ्या चित्रांच्या भांड्यांशी याची तुलना करू नका. तिथे काळा लेप वितळून काचेसारखा बंद होतो आणि नंतर हवा दिली तरी काळाच राहतो. इथला कार्बन उघडा आहे. सुमारे ६०० अंशांच्या वर हवा लागली की तो जळून जातो आणि खालचं तांबडं वर येतं. सगळी कारागिरी याच एका अडचणीभोवती फिरते: अंगाला हवा हवी, काठाला नको, आणि दोन्ही एकाच भांड्यावर.

आतली बाजू पूर्ण काळी का, याचंही उत्तर इथेच. भांडं पालथं असतं. तोंड बुजलेलं, आत कोंडलेला धूर जाणार कुठे?

भट्टीवाली

+१. आता कृती लिहिते. पद्धती दोन आणि दोन्हींनी काळा काठ मिळतो. प्राचीन कुंभार नेमकी कोणती वापरत यावर वाद आहे. लुकास दोन टप्प्यांच्या बाजूने होते.

माती: नदीकाठचा बारीक गाळ भिजवा, ८० नंबरच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) जाळीतून गाळा, निवळू द्या. शेतातली काळी कापसाची माती घेऊ नका. ती वाळताना इतकी आकसते की काठ फाटतो, आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. ते पुढे काय करतात ते खाली येईलच. भर म्हणून चाळलेलं सुकं शेण किंवा बारीक कोंडा, आकारमानाने दहाव्या हिश्श्यापर्यंत. नाईलकाठच्या भांड्यांच्या तुटलेल्या कडेत कोंड्याच्या जळालेल्या पोकळ्या साध्या भिंगातूनही दिसतात.

घडण: तळ कापड घातलेल्या खळग्यात दाबून घ्या, वर वळ्या चढवा, आतून गोटा धरून बाहेरून चोपा. पहिल्या खेपेला ४-५ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. केर्माची जाडी गाठायची तर निम्मं वाळल्यावर तासून आणावी लागते.

लेप: गेरू वाटून पाण्यात निवळायचा, वरचं बारीक तेवढंच घ्यायचं आणि दोन पातळ हात द्यायचे. जाड एक हात दिला तर भाजल्यावर पापुद्रा सुटतो.

घोटाई: बोट दाबल्यावर ठसा उमटत नाही पण नखाने ओरखडा निघतो, ती वेळ. आधी केली तर गोटा माती ओढतो, उशीर झाला तर चरे पडतात आणि चमक येत नाही. पुरता वाळायच्या आत एक हात पुन्हा.

एका टप्प्याची भाजणी: खड्ड्यात ८-१० सेंटिमीटर सुक्या तुसाचा किंवा शेणाच्या चुऱ्याचा थर. त्यात भांडं पालथं, काठ ३-४ सेंटिमीटर रुतलेला. भोवती आणि वर गोवऱ्या, पण अंगाला टेकवून रचू नका, फट ठेवा. आधी कडेला मंद जाळ करून दोन तास भांडी शेकायची, मग आच चढवायची. ७५० ते ८०० अंश पुरतात. शेवटी वरचे निखारे आणि राख दूर करा म्हणजे अंग हवेत लाल होईल. काठ मात्र भांडं हात लावण्याइतकं निवेपर्यंत उकरायचा नाही. घाई केली की काळ्याचा तपकिरी होतो, तोही ठिगळाठिगळाने.

दोन टप्प्यांची: भांडं आधी संपूर्ण तांबडं भाजायचं. अंधारात मंद लाल दिसतंय तोवर लांब चिमट्याने उचलून सुक्या कोंड्यावर पालथं ठेवायचं आणि काठाभोवती कोंडा लोटायचा. धूर लगेच चढतो. रेघ सरळ येते, पण उचलताना गार हवा लागून भांडं तडकण्याची भीती. कोंडा-शेणाची भर असलेली सच्छिद्र माती हा झटका सोसते, घट्ट बारीक माती सोसत नाही. हे उघड्यावर करा, सुती कपडे आणि चामडी हातमोजे घालून.

कुतूहल_सांगली

तोंड काळं करायला एवढा खटाटोप! :) ताई, दोनदा करून बघितलं. एकदा काळ्या रंगाची जीभ अंगावर वर चढली, दुसऱ्यांदा अंगच राखाडी आलं. आणि एका वाडग्याचा टवका भाजल्यावर आठवड्याने उडाला, म्हणजे भाजताना धड होता!

भट्टीवाली

जीभ चढली म्हणजे त्या बाजूला तूस उंच साचला होता किंवा भांडं कललं होतं. थर हाताने दाबून सपाट करा, मग भांडं ठेवा. उलट, काठाच्या आत तांबडा डाग दिसला तर तिथून हवेला वाट मिळाली असं समजा.

राखाडी अंग म्हणजे शेवटी हवा कमी पडली. गोवरीची राख अंगावर बसून राहते आणि आतला लालपणा दाबते. शेवटची १०-१५ मिनिटं राख झटकून अंग उघडं ठेवायला हवं. घोटाईची चमक मेली असेल तर एकतर आच ९०० च्या वर गेली किंवा लेप जाड होता.

आठवड्याने उडालेला टवका ही चुनखडीची करणी. ८०० अंशांच्या आसपास खड्याचा चुना होतो, नंतर हवेतला ओलावा पिऊन तो फुगतो आणि वरची माती ढकलून देतो. टवका उडालेल्या जागेच्या तळाशी पांढरा ठिपका आहे का बघा. माती आणखी बारीक जाळीतून गाळा किंवा आच ७५० च्या आत ठेवा. भाजतानाच फट्‌कन उडालेला टवका वेगळा. तो अंगात राहिलेल्या पाण्याच्या वाफेचा, आणि त्यात पांढरा ठिपका नसतो.

लोहभस्म

आणखी एक अवघड जागा: ५७३ अंश. वाळूतला क्वार्ट्‌झ तिथे एकदम आकार बदलतो. आच चढताना आणि उतरतानाही या टप्प्यावर घाई नको. कडेपासून सरळ खाली गेलेली धारदार भेग बहुधा उतरतानाची असते.

अक्षरशत्रू

मधला चांदीसारखा पट्टा कसा येतो हे कुणीच सांगितलं नाही. मुद्दाम काढलेला की आपोआप?

खापरखुणा

तो ब्रशने दिलेला नाही. कडा वेड्यावाकड्या, रुंदी जागोजाग वेगळी, दोन पेल्यांवर सारखी नाही. काळा आणि तांबडा जिथे भेटतात त्या सीमेवर राख, धूर आणि हवा यांची ओढाताण असते आणि पट्टा नेमका तिथेच येतो. राखेतल्या क्षारांनी तिथलं पृष्ठ बदलतं असं एक मत, काठ दोनदा वेगवेगळ्या खोलीपर्यंत रुतवला जाई असं दुसरं. पण इतक्या पेल्यांवर तो इतक्या नेमाने येतो की कारागिरांना तो हवा होता, याबद्दल मला शंका नाही. अपघात शेकडो वेळा एकाच जागी होत नसतो.

दक्षिणद्वार

केर्माबद्दल थोडं, कारण भांड्यांच्या मागचं राज्य अनेकांना ठाऊक नसतं. नाईलच्या तिसऱ्या धबधब्याजवळ, आजच्या सुदानमध्ये. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज रायझनर यांनी हार्वर्ड-बोस्टन मोहिमेतर्फे १९१३ ते १९१६ इथे खोदकाम केलं. मोठ्या मातीच्या उंचवट्याखालच्या थडग्यात त्यांना इजिप्तच्या अस्यूतचा प्रांताधिपती जेफाईहापी आणि त्याची पत्नी सेन्नुवी यांचे पुतळे मिळाले आणि त्यावरून त्यांनी केर्मा हे इजिप्तचं व्यापारी ठाणं ठरवलं. पुतळे तिथे लुटीतून किंवा देवघेवीतून आले होते. थडगं केर्माच्या राजाचं होतं. इतकी सुरेख भांडी स्थानिक असू शकत नाहीत, हाही त्या विचाराचाच भाग. पेट्रींचा 'नवा वंश' आणि रायझनरचं 'ठाणं' ही एकाच खोडीची दोन रूपं आहेत.

१९७० च्या दशकापासून शार्ल बोने यांच्या स्विस मोहिमेने चित्र पालटलं: तटबंदीचं शहर, मध्यभागी 'देफ्फुफा' म्हणतात ते कच्च्या विटांचं १८ मीटरच्या आसपास उभं मंदिर, आणि पूर्वेला हजारो कबरींची स्मशानभूमी. तिथल्या जुन्या कबरींच्या दक्षिणेला गुरांच्या कवट्या अर्धवर्तुळात मांडलेल्या, आणि जवळ जमिनीवर पालथे ठेवलेले वाडगे. २००३ साली जवळच्या दुक्की गेल इथे एका खड्ड्यात फोडलेले सात राजपुतळे मिळाले, तहर्का ते अस्पेल्टा या न्युबियाच्या राजांचे. ते मात्र केर्मानंतर आठ-नऊशे वर्षांचे, त्यांची भांड्यांशी सांगड घालू नये.

आणि हे पेले उत्तरेकडे गेले. थीब्जजवळच्या कुर्ना इथे १९०८ मध्ये पेट्रींना सतराव्या राजवंशाच्या काळातल्या एका उच्चकुलीन स्त्रीचं न लुटलेलं दफन मिळालं. त्यात केर्मा धाटणीचे पेले विणलेल्या जाळीत घालून ठेवलेले होते. गोल तळाचा पेला न्यायचा आणि टांगायचा कसा, हे त्या जाळीवरून कळतं. सगळा संच एडिंबरोच्या संग्रहालयात आहे.

विदर्भपुत्र

आमच्याकडे माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत (दफनाभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांत) काळी-तांबडी भांडी निघतात. मग हा संबंध आफ्रिकेशी जोडायचा का? असं कुणीतरी मांडल्याचं वाचलं होतं.

दक्षिणद्वार

मांडलं होतं, आणि मांडणारे साधेसुधे नव्हते. आस्वानच्या मोठ्या धरणाखाली न्युबिया बुडणार म्हणून १९६० मध्ये युनेस्कोने हाक दिली. भारताची मोहीम पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६२ मध्ये अफिया आणि तुमास इथे गेली. अफियाला अ-गटाची वस्ती निघाली, दगडी भिंतींच्या चौकोनी खोल्यांसह, आणि अ-गटाची अशी पक्की घरं फार थोड्या ठिकाणी मिळाली आहेत. त्यानंतर लाल यांनी न्युबियातली काळी-तांबडी भांडी व दफनं आणि आपल्या दक्षिणेतली महापाषाणी (मोठे दगड रचून केलेली) दफनं यांच्यातल्या साम्याकडे बोट दाखवलं.

साम्य आहे, पण धागा जुळत नाही. न्युबियातली परंपरा इ.स.पू. १५०० नंतर ओसरते. विदर्भातली शिळावर्तुळं इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. मधे शेकडो वर्षं आणि अख्खा समुद्र. शिवाय राजस्थानात अहारला काळी-तांबडी भांडी महापाषाणांच्या कितीतरी आधीपासून आहेत, तेव्हा भारतात ती आणायला बाहेरून कुणी यायची गरज नव्हती.

लोहभस्म

आणि तंत्राच्या बाजूने बघितलं तर पुरावा आणखी पातळ होतो. लोहयुक्त माती, पालथं भांडं आणि तूस, एवढ्यावर काळा काठ कुठेही येतो. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनीही १९४७ च्या कर्नाटकातल्या ब्रह्मगिरी उत्खननातल्या भांड्यांसाठी पालथ्या भाजणीचंच स्पष्टीकरण दिलं. नातं सांगायचं तर भाजणीवर न जाता घडण बघावी: आपल्याकडची बरीचशी चाकावरची, न्युबियातली हाताची.

विदर्भपुत्र

पटलं. एका ओळखीच्यांकडे ऑनलाईन लिलावातून घेतलेलं 'नकादाचं' भांडं आहे. अंगावर बोटी आणि शहामृग काढलेत, काठ काळा. खरं असेल?

खापरखुणा

काळ्या काठाच्या तांबड्या घोटलेल्या भांड्यावर गडद रंगात बोटी? शंका घ्याच. बोटींची चित्रं पिवळसर मातीच्या, न घोटलेल्या भांड्यांवर तांबड्या-तपकिरी रंगात असतात; पेट्रींच्या वर्गवारीत तो गट वेगळा, 'डी'. नकादाच्या तांबड्या भांड्यांवर चित्रं असली तर ती पांढऱ्या रेघांची. खऱ्या जुन्या पण साध्या भांड्यावर नवी चित्रं काढून विकणं हा जुना धंदा आहे. भिंगाखाली बघा: रंग जुन्या ओरखड्यांच्या आणि क्षारांच्या वर बसला असेल तर चित्र नवं. काळ्या काठाच्या भांड्यांवर खऱ्या खुणा मिळतात त्या बहुधा भाजल्यानंतर कोरलेल्या. मातीतच उठाव दिलेलं चित्र विरळा. उत्तर-दक्षिण इजिप्तच्या राजमुकुटांपैकी तांबड्या मुकुटाचं सर्वांत जुनं ज्ञात चित्र अशाच एका काळ्या काठाच्या खापरावर उठावात आहे, नकादाचं, आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये.

आणि कागदपत्रं मागा. इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तू बाहेर न्यायला बंदी घातली. त्याआधी वस्तू देशाबाहेर गेल्याचा पुरावा नसेल तर हात लावू नका. सुदानच्या वस्तूंबाबत आता दुप्पट सावध राहा. एप्रिल २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर खार्टूमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं आणि केर्माचा मोठा ठेवा तिथेच होता.

कुतूहल_सांगली

माझ्या प्रतिकृतींवर पांढरी पूड येतेय. पाण्यात भिजवू का? खऱ्या भांड्यांचंही असंच करतात ना?

भट्टीवाली

तुमच्या प्रतिकृती खुशाल भिजवा, साध्या पाण्यात दोन दिवस, पाणी बदलत. पूड मातीतल्या किंवा राखेतल्या क्षारांची आहे. खऱ्या भांड्याला हा नियम लावू नका. बदारी-नकादाचं कमी आचेवर भाजलेलं खापर पाण्यात मऊ पडू शकतं आणि लेप सुटतो. तिथे आधी आतल्या, न दिसणाऱ्या जागी थेंब टाकून बघतात आणि बऱ्याचदा कोरड्या मऊ ब्रशवरच थांबतात. काळ्या काठाला घासणंही टाळतात, घोटाई जाते.

संग्रहातल्या खापरावर नोंदीचा क्रमांक घालायचा असेल तर थेट खापरावर शाई नको, ती सच्छिद्र मातीत उतरते. पॅरालॉईड बी-७२ (संग्रहालयात वापरतात तो पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा प्रकार) अ‍ॅसिटोनमध्ये १५ टक्क्यांच्या आसपास विरघळवून नखाएवढा पट्टा द्या, वाळू द्या, त्यावर लिहा, वर पुन्हा एक पातळ हात. आकडा तुटलेल्या कडेवर नको, जोडताना अडतो. आतल्या काळ्या बाजूला घालायचा तर पांढरी शाई.